खानदेशी ताट: प्रकल्पाच्या नोंदी (नोव्हेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५)

१० नोव्हेंबर २०२४, रविवार, जळगाव

आज कामाला सुरुवात केली. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतले आम्ही काही जण, कुणी शिक्षक, कुणी शेती करतं, दोघी कॉलेजात शिकतात, एक भाऊ मंडपाचं काम करतो आणि आचाऱ्यांशी त्याची चांगली ओळख आहे. ठरलं ते एवढंच की खानदेशातलं खाणं जसं घराघरात होतं तसं नोंदवून ठेवायचं आणि वर्षातून एकदा तरी ते उघड्यावर, सगळ्यांसमोर, साजरं करायचं.

सुरुवातीलाच वाद झाला आणि तो चांगला झाला. एकाचं म्हणणं, रेसिपींचे व्हिडिओ करून टाकू. पण शेवभाजी, भरीत, काळा मसाला यांचे व्हिडिओ आधीच ढिगानं आहेत, आणि मला शेवभाजी मनापासून आवडते, तिच्याविरुद्ध काही नाही, पण त्या व्हिडिओंमुळे बामणोदचं भरीताचं वांगं टिकत नाही की खापर म्हणजे पुरणपोळी भाजायचं मातीचं भांडं घडवणारा कुंभार टिकत नाही. रेसिपी हा शेवटचा तुकडा आहे हो. त्याच्या आधी बियाणं आहे, जमीन आहे, चक्की आहे, भांडं आहे, जळण आहे, आणि ते करायला चार बायका एकत्र बसण्याची सवड आहे. यातलं एक जरी गेलं तरी कागदावर रेसिपी राहते आणि ताटात काहीच राहत नाही. मी हे जरा जोरातच बोलले पण पटलं सगळ्यांना.

म्हणून फॉर्म असा केलाय. पदार्थाचं नाव, कुठल्या गावात काय म्हणतात, धान्य किंवा भाजी कुठून येते, कुठल्या वाणाची, कुठलं भांडं आणि ते कोण घडवतं, जळण काय, कधी करतात, कोण करतं, कोणी खायचं, आणि आता यातलं काय मिळेनासं झालंय. कृती सगळ्यात शेवटी. मोजमाप विचारायचं नाही, बाई मुठीनं टाकत असेल तर ती मूठ काट्यावर ठेवायची.

आणखी एक ठरलं, खानदेशी म्हणजे एकच चव असं धरायचं नाही. रावेर-यावलकडचं लेवा पाटलांचं ताट वेगळं, साक्री-शिरपूरकडचं अहिराणी बोलणाऱ्यांचं वेगळं, शहाद्याकडच्या गुजरांचं वेगळं, सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्लांचं तर पार वेगळं, यावल-चोपड्याच्या तडवींचं आणखी वेगळं. सगळ्यांना एका मसाल्यात घोळायचं नाही.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार, बामणोद

भरीताचा दिवस. दिवाळी झाली की आमच्याकडे शेतात भरीत-पार्ट्या सुरू होतात, थंडी जितकी जास्त तितकं वांगं गोड. भरीताचं वांगं म्हणजे फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेषा, हातभर मोठं, बिया कमी आणि साल पातळ. २०१६ मध्ये जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. केळी सगळ्या देशाला माहीत आहे, वांगं अजून जळगावच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

ज्यांच्या शेतात गेलो ते अण्णा गेल्या पिढीपासून बी घरचंच धरतात. झाडावरचं चांगलं, न किडलेलं, मोठं फळ पिवळं पडेपर्यंत तसंच ठेवायचं, मग फोडून बी धुवून राखेत घोळून वाळवायचं. मी विचारलं दुकानातून बी आणलं तर? म्हणाले, येतं की, मालही जास्त येतो, पण भाजल्यावर पाणी सुटतं आणि घोटलं की गर दोऱ्यासारखा होत नाही. हे वाक्य तसंच्या तसं फॉर्ममध्ये टाकलंय.

कृती बघताना सगळ्यांचे फोन चालू होते पण मी वहीत लिहिलं. वांग्यांना टोचे मारले, वाळलेल्या पऱ्हाटीचा म्हणजे कापसाच्या काड्यांचा जाळ केला, काहींनी तुरीच्या काड्या घेतल्या, आणि वांगी त्या जाळातच टाकून फिरवत राहिले. या काड्यांचा जाळ झपकन भडकतो आणि झपकन बसतो, त्यामुळे साल पूर्ण करपते आणि आतलं मात्र वाफेवर शिजतं, आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो येत नाही. मग साल काढून गर लाकडी बडगीत घातला आणि लाकडी मुसळीनं घोटला. मिरच्या आणि लसूण आधीच भाजून त्याच बडगीत ठेचून घेतलेल्या. तेलावर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. हळद नाही, तिखटपूड नाही, टोमॅटो तर नाहीच. जेवायला कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि पुऱ्या दोन्ही होत्या.

बडगीबद्दल वेगळं लिहायला हवं. एकाच लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेलं खोलगट भांडं, घरातल्या वापरातली बडगी दोन पिढ्या जुनी आहे, आतून तेल पिऊन काळी झालेली. सुताराकडे नवी करून मिळते का विचारलं तर अण्णा म्हणाले, सांगितलं तर करेल, पण सांगणारं कुणी नाही. म्हणजे कला गेलेली नाही, मागणी गेलीये. या दोन गोष्टी फॉर्ममध्ये वेगवेगळ्या कॉलमात लिहायच्या असं आजपासून ठरवलं, कारण उपायही वेगवेगळे आहेत.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

चंपाषष्ठी. चातुर्मासात वांगं-कांदा न खाणारी घरं आज भरीत-रोडग्याचा नैवेद्य खंडोबाला दाखवून मग खायला लागतात. रोडगा म्हणजे जाड भाकर, निखाऱ्यावर भाजलेली. पारोळ्याकडच्या एका घरी गेले होते, तिथे तळी भरली, येळकोट झाला, मग पंगत. त्या घरच्या आजींना विचारलं की चार महिने वांगं का नाही खायचं, त्यांनी सांगितलं पावसाळ्यात वांग्याला कीड फार असते बेटा. देवाचं कारण त्यांनी सांगितलंच नाही, कीड सांगितली.

भरीताचा सीझन चंपाषष्ठीपासून खरा सुरू होतो असं या घरी म्हणतात, बामणोदला दिवाळी झाली की लगेच. दोन्ही नोंदवलं, कोण बरोबर हे ठरवायचं आमचं काम नाही.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

ही नोंद जळणाची. भरीताला पऱ्हाटी लागते हे लिहिलं तेव्हा वाटलं कापूस तर खानदेशात भरपूर, काड्यांचा काय तुटवडा. पण ग्रुपवर धरणगावच्या भाऊंनी मोठा मेसेज टाकला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस धुऊन नेला तेव्हापासून कृषी खातं दरवर्षी सांगतंय की फरदड म्हणजे वेचणीनंतर तेच झाड ठेवून पुन्हा कापूस घेऊ नका, वेचणी झाली की पीक काढून टाका, पऱ्हाटीचे ढीग बांधावर किंवा गावाजवळ रचून ठेवू नका, कारण अळीचे कोष त्यातच राहतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा सुरू. ते बरोबरच आहे, बोंडअळीनं घरं बुडालीत. आता कापसाच्या काड्या मशीननं कापून शेतातच गाडतात. जमिनीलाही चांगलं.

मग भरीताचं काय? भाऊंनीच उपाय सांगितला, तुरीच्या काड्या वापरा. तूर सगळीकडे आहे, काडी कडक असते, जाळ थोडा जास्त वेळ राहतो म्हणून वांगी लांब धरून फिरवावी लागतात. ज्या घरांत दोन्हीवर करतात त्यांनी चव तितकीच चांगली सांगितली. फॉर्ममध्ये जळणाच्या रकान्यात आता "पऱ्हाटी (वेचणीनंतर लगेच, साठवून नाही) किंवा तुराटी" असं लिहायचं. जुनं जसंच्या तसं ठेवायचं म्हणून शेजारच्याच्या शेतात अळी सोडायची हे मला मान्य नाही. खाणं टिकवायचं ते शेतकऱ्याच्या जिवावर नाही.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, लोणी. वेळ कमी होता, फोटो आणि फॉर्म तेवढे भरून घेतले. शाळेतल्या मुलांना घरून भाजीत काय काय पडलं ते लिहून आणायला सांगितलं होतं, त्यात ओला हरभरा, बोरं, गाजर, वाल, घेवडा, वांगं, उसाचे करवे असं निघालं. बोरांत दोन मुलींनी मेहरूणची असं मुद्दाम लिहिलं, जळगावच्या मेहरूणची बोरं गोडीसाठी प्रसिद्ध आहेत आणि आता झाडं कमी होत चाललीत, त्यामुळे बोरांची वेगळी फाइल उघडली.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार, तापीकाठ

कळणा आणि दादर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर.

कळण्याचं पीठ म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळायचे, दळतानाच मीठ घालायचं. प्रमाण घराघरात वेगळं, कोणी दोनास एक घेतं, कोणी तिनास एक, कोणी त्यात चिमूटभर मेथीही टाकतं. उडदानं पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापताना तुटत नाही आणि गार झाल्यावरही मऊ राहते, शेतात नेलेली दुपारी खाल्ली तरी चालते. बरोबर ठेचा, कच्चा कांदा आणि वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. नुसती ज्वारी किंवा नुसती डाळ खाण्यापेक्षा धान्य आणि कडधान्य एकत्र खाल्लं तर प्रथिनं चांगली मिळतात हे आहारशास्त्र आता सांगतं, आमच्या बायकांनी ते चक्कीवरच करून टाकलं होतं.

ज्वारी कुठली तर दादर. दादर ही रब्बीची, तापी-गिरणेच्या काळ्या खोल जमिनीत, पाऊस संपल्यावर मातीत जी ओल राहते तिच्यावरच येणारी. पाणी द्यावं लागत नाही. कडबा उंच, गुरांना गोड लागतो. भाकरी पांढरी, चवीला किंचित गोड. आज ज्या शेतात गेलो तिथं कणसं भरलीत, पाखरं राखायला आप्पा सकाळपासून माचावर होते.

आप्पांच्या चारही बाजूंनी केळी. त्यांनी कुणाची तक्रार केली नाही, सरळ सांगितलं, पाणी आलं, पाइपलाइन आली, केळीत पैसा आहे, माझ्या पोरानंही अर्ध्यात केळीच लावलीये, दादर मी खायला करतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, किती भाषणं झाली, पण दादरीच्या शेतात पाखरं राखायला माणूस मिळत नाही, आजूबाजूला सगळ्यांची ज्वारी असली तर पाखरं वाटली जातात आणि एकट्याचीच असली की सगळी पाखरं त्याच्याच शेतात उतरतात. हे कारण मला कुठल्या लेखात वाचायला मिळालं नव्हतं. म्हणजे ज्वारी एकट्यानं करायची गोष्टच नाही, शिवारानं मिळून करायची आहे. आम्ही एखाददुसऱ्या शेतकऱ्याला बी देऊन उपयोग नाही, लागून असलेल्या पाच-सहा शेतांना एकदम द्यावं लागेल. मीटिंगमध्ये हा मुद्दा पहिला घ्यायचा.

परतताना चक्कीवर थांबलो. चक्कीवाले काका म्हणाले कळण्याचं थोडं दळण असलं की गव्हाच्या पाठोपाठ टाकता येत नाही, उडदाचा चिकटपणा दगडाला बसतो, नंतरच्या गिऱ्हाइकाचं पीठ काळपट येतं. म्हणून त्यांनी कळण्याला आठवड्यातला एकच वार ठेवलाय, दिवस मावळायच्या सुमाराला. गावात आणखी दोन चक्क्या आहेत, तिथं कळणा दळतच नाहीत. काका बंद झाले की गावातला कळणा बंद. फॉर्मच्या "काय मिळेनासं झालंय" रकान्यात चक्कीचा वार असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

२ मार्च २०२५, रविवार, अमळनेर परिसर

खापर. मातीचं, अर्धगोल, दीड-दोन फूट रुंद, चुलीवर उपडं ठेवायचं आणि त्याच्या पाठीवर मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी भाजायची. कुंभारकाकांच्या अंगणात बसून पूर्ण बघितलं. गाळाची माती चाळून, तिच्यात लीद आणि राख मिसळून पायानं तुडवतात, लिदीतले बारीक धागे भट्टीत जळून जातात आणि मातीत सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यामुळे खापर तापलं तरी तडकत नाही. चाकावर घडवल्यावर थापीनं ठोकून पातळ करतात. सगळीकडे सारखी जाडी आली पाहिजे, नाहीतर पोळी एकीकडे कच्ची आणि एकीकडे करपलेली.

काकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दात, "खापर लेवाले कोन येस आते? आखाजीले येतस चार घरं." माती आणायला लांब जावं लागतं, घोडे राहिले नाहीत तर लीद कुठून आणायची, भट्टीला लाकूड महाग, आणि एक खापर नीट वापरलं तर दोन-तीन वर्षं चालतं, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा लवकर येत नाही. मुलगा पेंटिंगची कामं घेतो. लोक आता लोखंडी खापर घेतात, टिकतं, पण ते पटकन तापतं आणि पोळी कडक होते असं मांडे करणाऱ्या सगळ्याच जणी सांगतात.

आम्ही आखाजीसाठी म्हणजे अक्षय तृतीयेसाठी खापरांची ऑर्डर आगाऊ पैसे देऊन दिली. काकांना मदत नको होती, ऑर्डर हवी होती. मानांकन, पुरस्कार, प्रमाणपत्र हे सगळं चांगलंच आहे पण वांग्याचं मानांकन वांग्यालाच आहे, बडगीला नाही, खापराला नाही, तिंबणाऱ्या हाताला नाही. ग्रुपवर कॉलेजातल्या ताईनं आठवण करून दिली की युनेस्कोनं २०१० मध्ये मेक्सिकोची पारंपरिक खाद्यसंस्कृती वारसा यादीत घेतली तेव्हा मका पेरण्यापासून ते दळण्या-रांधण्यापर्यंतच्या पद्धती आणि त्याभोवतीचे सण, हे सगळं एकत्र धरलं होतं, एखादा पदार्थ नाही. आमचा फॉर्म त्याच वाटेनं चाललाय हे बघून बरं वाटलं.

तेलाची एक छोटी नोंद. अमळनेर हा शेंगदाण्याचा पट्टा, विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये इथंच वनस्पती तुपाच्या कारखान्यानं झाली. घाण्याचं तेल परत मागायला लागलेत लोक, लाकडी घाणे दिसायला लागलेत. म्हणजे गेलेली गोष्ट परत येऊ शकते, गिऱ्हाईक पाहिजे.

२३ मार्च २०२५, रविवार, भादली

वाळवण. पहाटे चारला पोचलो तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती आणि पातेल्यात बिबड्यांचा घाटा रटरटत होता. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड. ज्वारीला पाण्याचा हात लावून कांडून कोंडा काढायचा, मग तीन दिवस भिजवून आंबवायची, निथळून भरड दळायची, उकळत्या पाण्यात मीठ, तीळ, खसखस, लसूण आणि लाल मिरचीचं वाटण टाकून ते पीठ घाट्यासारखं शिजवायचं. घाटा गरम असतानाच थापायला लागतो, गार झाला की थापता येत नाही. खाटेवर ओलं धोतर पसरलेलं, दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, प्रत्येकीजवळ पाण्याची वाटी, गोळा टाकला की ओल्या हातानं गोल थापायचा. संध्याकाळी कापड उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबडे सुटून येतात, मग पुन्हा ऊन.

हे एकटीनं होत नाही. ढवळायला एक, टाकायला एक, थापायला चौघी तरी. म्हणून आज यांच्याकडे, उद्या शेजारी, परवा तिसरीकडे, असा पूर्ण आळीचा महिनाभराचा क्रम असतो आणि कुणाकडे कधी हे ठरवणाऱ्या काकू तोंडी सगळं लक्षात ठेवतात. मी तो क्रम लिहून घेतला. त्यात मला दिसलं की सुना नोकरीला जायला लागल्यापासून फक्त रविवार उरलेत, आणि रविवार चारच असतात, म्हणून निम्म्या घरांनी बचत गटाकडून विकत घ्यायला सुरुवात केलीये. ते वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही. गटातल्या बायकांना त्यातून चार पैसे मिळतात आणि हात टिकतो. फक्त गटाचे बिबडे गॅसवर शिजतात आणि प्लास्टिकवर थापतात, धोतरावर थापलेल्याला कापडाची जाळी उमटते, त्या जाळीमुळे भाजताना फुलतो कसा ते दोन्ही शेजारी भाजून बघितलं आणि व्हिडिओ काढला.

कुरडया पुढच्या घरी होत्या. गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, वरचं पाणी ओतून खालचा घट्ट चीक शिजवायचा आणि सोऱ्यानं पाडायचा. गरम चीक वाटीत घेऊन तूप-साखर टाकून मुलांनी खाल्ला, आम्हीही खाल्ला. उरलेल्या कोंड्याचंही इथं काही वाया जात नाही, त्याच्याही कुरडया घालतात.

६ एप्रिल २०२५, रविवार

रेकॉर्डिंगची कामं. सगळ्या फायली गावाच्या आणि पदार्थाच्या नावानं लावल्या. नियम लिहून काढला, जिचा आवाज तिची परवानगी, आणि ती म्हणाली काढून टाका तर काढून टाकायचं, कारण न विचारता. अहिराणी आणि लेवा बोलीतलं बोलणं प्रमाण मराठीत करून लिहायचं नाही, जसं बोलल्या तसंच. आखाजीच्या कार्यक्रमाला शाळेचं पटांगण मिळालं.

३० एप्रिल २०२५, बुधवार, आखाजी

अक्षय तृतीया म्हणजे आमची आखाजी. खानदेशात दिवाळीइतकाच मोठा सण, सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधतात, झोक्यावर गाणी, आणि घराघरात पितरांच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर खरबूज किंवा सांजोरी ठेवतात. घागरपूजन सकाळी घरोघरी झाल्यावरच कार्यक्रम ठेवला होता, घरचा सण मोडून पटांगणात या असं कुणाला सांगायचं नव्हतं.

सहा चुली मांडल्या, प्रत्येक चुलीवर काकांचं नवं खापर. मांड्यांची कणीक पहाटेपासून तिंबत होत्या. वस्त्रगाळ पीठ, थोडं मीठ, पाणी लावत लावत इतकं तिंबायचं की ओढलं तर रबरासारखं लांबलं पाहिजे. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, पाट्यावर वाटलेलं, वेलची-जायफळ. गोळा हाताच्या पंजावर घेतला आणि मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मनगटापर्यंत, कोपरापर्यंत पसरवत नेला आणि अलगद खापरावर टाकला. शिरपूरकडच्या मावशींचा मांडा इतका पातळ होता की खालची खापराची काळी पाठ दिसत होती. सोबत आमरस, कटाचं सार, कुरडया, भजी, तूप.

मला सगळ्यात आनंद कशाचा झाला सांगते. आम्ही मुलींना शिकवायचं म्हणून एक चूल वेगळी ठेवली होती आणि तिथं सगळ्यात जास्त गर्दी झाली, मुलींचीच नाही, मुलांचीही. पहिले गोळे फाटले, पुरण खापरावर सांडून जळलं, आणि मावशी प्रत्येकाला एकच सांगत होत्या, हात वला कर, घाई करू नको. बारावीचा एक मुलगा शेवटपर्यंत उभा राहिला आणि त्याचा मांडा आला, गोल नाही आला पण आला, तेव्हा सगळ्या चुलींवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुंभारकाका समोर खुर्चीवर बसून होते, त्यांच्याकडे तिथल्या तिथं पुढच्या आखाजीच्या ऑर्डरी लिहिल्या गेल्या.

एक वाद नोंदवायलाच हवा. दोन गृहस्थांनी विचारलं, स्टॉल लावून तिकीट का नाही ठेवलं, चांगले पैसे जमले असते. आम्ही ठेवलं नाही कारण आखाजीला दारात आलेल्याला जेवू घालतात. खर्च गावातून वर्गणी आणि धान्य जमवून भागला, गहू कुणी, डाळ कुणी, गूळ कुणी, आंबे बागवाल्यांनी. करणाऱ्या बायकांना मात्र मानधन दिलं, ते पहिल्यापासून ठरलेलं होतं. पंगतीला पैसे नाहीत पण कष्टाला पैसे आहेत, या दोन गोष्टी मी वेगळ्याच धरते.

११ मे २०२५, रविवार, धडगाव

सातपुड्यात आमचूर. गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलून, चिरून खडकावर आणि छपरावर वाळवतात, पांढऱ्या निघाल्या तर भाव, पाऊस लागून काळ्या पडल्या तर भाव पडतो. या आठवड्यात अवकाळी येतोय आणि घरातली लहानमोठी सगळी जणं आभाळाकडे बघत कैऱ्या गोळा करण्यात गुंतलेली. अशा वेळी फॉर्म घेऊन बसणं योग्य नव्हतं. आम्हीही कैऱ्या आत नेऊ लागलो. इथल्या ताटाची नोंद इथल्याच मुलांनी, त्यांच्या भाषेत करावी असं ठरलं, दोघं पावरा मुलं तयार झालीत, त्यांना रेकॉर्डर देऊन आलो.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

कानबाई, आमच्या खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, नारळाची कानबाई सजवतात, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. नैवेद्याला रोट, पुरणपोळी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. रोटाचं पीठ घरातल्या माणसांच्या हिशोबानं सव्वाच्या मापात घेतात आणि ते रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत.

ग्रुपवरच्या एका नव्या सभासदानं रोटाचा व्हिडिओ आणि प्रदर्शनात नमुना ठेवण्याचं सुचवलं. ज्या घरी मी होते त्यांना विचारलं, आजी म्हणाल्या लिही खुशाल पण दाखवू नको. मग तसंच केलं. रोटाचा फॉर्म भरला, "कोणी खायचं" रकान्यात भाऊबंद, आणि फोटोच्या जागी रिकामं ठेवलं. पुढे कुणी विचारेल फोटो का नाही, म्हणून कारणही तिथंच लिहिलं. सगळंच लोकांसमोर मांडायला हवं असं नाही, काही पदार्थ घराच्या उंबऱ्याच्या आत असतात म्हणूनच टिकलेत.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

पुढची कामं. दादरीचं बी आप्पांनी राखून ठेवलंय, पेरणी पाऊस उघडल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, लागून असलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जण तयार आहेत, सहाव्यांकडे आप्पा स्वतः जाऊन बोलणार. निघालेली दादर आम्ही आधीच ठरवलेल्या भावानं घेणार, ती बचत गटाला बिबड्यांसाठी आणि चक्कीवाल्या काकांकडे कळण्यासाठी. काका गिऱ्हाईक ठरलेलं असेल तर आठवड्यात दोन वार द्यायला तयार झालेत.

बडगीसाठी सुतारदादांना जुनी बडगी मोजायला नेऊन द्यायची आहे, भरीताचा सीझन लागायच्या आत नव्या हव्यात. बामणोदच्या अण्णांना सांगितलंय की शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी २००१ च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली करता येते, कागद गोळा करायला कॉलेजातली ताई त्यांच्याकडे जाणार. धडगावच्या मुलांची पहिली रेकॉर्डिंग आलीत, पावरी भाषेत आहेत, मला अर्धीच समजतात, त्यांनाच ऐकवून लिहून घ्यायची आहेत. खापरांचे निम्मे पैसे कुंभारकाकांना या आठवड्यात पोचवायचे, माती पावसाळ्यानंतर लगेच आणावी लागते.